अर्धं दाबलेलं बटण

खिशातला छोटा कॅमेरा ‘जरा आमचा एक फोटो काढता का?’ म्हणत कुणा अनोळखी माणसाच्या हातात दिला की पुढचं सगळं जवळजवळ ठरलेलं असतं. तो आधी स्क्रीनवर बोट टेकवून पाहतो. काही होत नाही. समोरून कुणीतरी ओरडतं, ‘वरचं बटण, वरचं!’ ते सापडताच तो एका दमात दाबतो, आणि त्या जोराने कॅमेराच एका बाजूने खाली जातो. ‘आला का?’ आलेला असतो; पण मागचं झाड खणखणीत आणि पुढची माणसं पुसट, नाहीतर सगळाच फोटो हललेला. हा माणूस काही अडाणी नसतो. फोनवर दिवसाला चाळीस-पन्नास फोटो सहज काढत असेल. त्याच्या बोटाला फक्त एवढं ठाऊक नसतं की हे बटण दोन टप्प्यांत दाबायचं असतं: अर्ध्यावर थांबायचं आणि मग उरलेलं दाबायचं. पंधरा वर्षांपूर्वी हे आजीपासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांना येत होतं. कॅमेरा बनवणाऱ्या जपानी कंपन्यांच्या संघटनेचे आकडे सांगतात की २०१० साली बारा कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात गेले आणि त्यांतले बहुतेक कॉम्पॅक्ट, म्हणजे असेच खिशात मावणारे, होते. २०२३ मध्ये कॉम्पॅक्टचा आकडा वीस लाखांच्याही आत होता. आकडा घसरला त्याचं नवल नाही. पण बोटांतली सवयही त्याच्याबरोबर, कुणाच्या लक्षातही न येता निघून गेली, हे मात्र मला खटकत राहतं.

बोट अर्ध्यावर टेकलं की आत दोन गोष्टी ठरतात: फोकस कुठे धरायचा आणि उजेड किती घ्यायचा. स्क्रीनवरची चौकट हिरवी होते, बारीकसा ‘पिप’ येतो (हा आवाज मेनूत जाऊन पहिल्याच दिवशी बंद करावा, झोपलेल्या बाळाचा फोटो काढायची वेळ आली की का ते कळतं), आणि बोट तसंच धरलेलं असेपर्यंत दोन्ही गोष्टी तिथेच बांधलेल्या राहतात. याचा उपयोग कुठे होतो? दोन माणसं शेजारीशेजारी उभी असली की मधली चौकट नेमकी त्यांच्यामधल्या फटीतून आरपार जाते आणि कॅमेरा इमानेइतबारे मागच्या भिंतीवर फोकस करतो. चेहरा ओळखणारी सोय असली तरी चेहरे बाजूला वळलेले असले किंवा पाठमोरे असले की तिचं काही चालत नाही. अशा वेळी चौकट दोघांपैकी एकावर धरायची, बटण अर्धं दाबायचं, तसंच धरून कॅमेरा वळवायचा, दोघांना मधोमध घ्यायचं आणि मग पूर्ण दाबायचं. कॅमेरा फक्त वळवायचा, पुढेमागे न्यायचा नाही. अंतर बदललं की धरलेला फोकस फुकट गेला. चौकट हिरवी होतच नसेल तर कारणं तीनच: वस्तू फार जवळ आहे, उजेड फार कमी आहे, किंवा समोर नुसतीच सपाट भिंत आहे आणि कॅमेऱ्याला पकडायला एकही रेघ मिळत नाही. पहिलं कारण सगळ्यात जास्त फसवतं, कारण झूम केलं की कॅमेऱ्याला लागणारं किमान अंतर वाढतं. झूम न करता पाच सेंटिमीटरवरचं फूल टिपणारा कॅमेरा पूर्ण झूमला अर्धा मीटर लांब उभं राहायला लावतो. फुलावर झूम करकरून कॅमेरा बिघडला असं म्हणणारे खूप असतात. झूम मागे घेऊन कॅमेराच फुलाजवळ न्यायचा, एवढंच.

उरलेलं अर्धं बटण मात्र चटकन काम करतं. जुन्या कॉम्पॅक्टबद्दलची मोठी तक्रार अशी असायची की बटण दाबलं तेव्हा मूल झोक्यावर होतं आणि फोटोत रिकामा झोका आला. एका दमात बटण दाबलं की कॅमेरा आधी फोकस शोधत बसतो. लेन्स पुढेमागे सरकते, कधीकधी अर्धा-पाऊण सेकंद जातो. बटण आधीच अर्धं दाबून, झोका ज्या टोकाला येणार तिथला फोकस धरून ठेवला, तर उरतो तो सेकंदाचा अगदी छोटा अंश. ही वाट बघण्यातच या कॅमेऱ्याची अर्धी मजा आहे असं माझं मत आहे. बोट ताणलेलं, श्वास थोडा अडलेला, झोका मागे गेलेला. फोन हे दुसऱ्या वाटेने सोडवतो. स्क्रीनवर चित्र दिसतंय तोवर तो आतल्या आत फ्रेम गोळा करत असतो आणि बटण दाबलं त्या क्षणाच्या आसपासची फ्रेम उचलतो. ते जास्त हुशार आहे, शंकाच नाही. पण मग क्षण निवडला कुणी, हा प्रश्न शिल्लक राहतो.

रिकोच्या जीआर मालिकेतल्या कॅमेऱ्यांत याच्याही पुढे जाणारी एक सोय आहे. अर्ध्यावर न थांबता बटण थेट खाली दाबलं तर कॅमेरा फोकस शोधतच नाही, आधी ठरवून दिलेल्या अंतरावर लगेच फोटो घेतो. जीआर थ्रीवर अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक; एफचा आकडा जितका मोठा तितकं ते बारीक) एफ ५.६ आणि अंतर दोन मीटर ठेवलं, तर सव्वा मीटरपासून साडेपाच मीटरपर्यंतचं सगळं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. रस्त्यावरून चालताना दिसणारी बहुतेक माणसं एवढ्या पट्ट्यातच असतात. अशी खास सोय नसलेल्या छोट्या कॅमेऱ्यांतही हे साधतं. सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा आतला तुकडा, जितका लहान तितकी स्पष्टतेची खोली जास्त. एक इंची सेन्सरच्या कॅमेऱ्यात झूम न करता, एफ ४ वर, दोन मीटरवर हाताने फोकस ठेवला तर साधारण एक मीटरपासून क्षितिजापर्यंत काळजी नाही. याचीच दुसरी बाजू अशी की मागचं सगळं मऊ धूसर झालेला फोटो या कॅमेऱ्यांत फक्त जवळून काढलेल्या वस्तूंचाच मिळतो. पाच फुटांवर उभ्या माणसाच्या मागची खिडकी धूसर होत नाही म्हणून हिरमुसण्यात अर्थ नाही.

रोजच्या वापरासाठी मला एकच खरी कसोटी वाटते. कॅमेरा खिशातून निघून डोळ्यासमोर येईपर्यंत ठरवायचं काही शिल्लक राहता कामा नये.

म्हणजे ठरवायचं ते घरी, निवांत बसून. मोडची चकती ‘पी’ (अ‍ॅपर्चर आणि शटर दोन्ही कॅमेरा ठरवतो) किंवा ‘ए’वर (अ‍ॅपर्चर आपण, शटर कॅमेरा). आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा; वाढला की फोटो दाणेदार होतो) ऑटोवर, पण त्याला वरची मर्यादा घालून: बोटाच्या नखाएवढ्या सेन्सरच्या जुन्या कॅमेऱ्याला ८००, एक इंची सेन्सरला ३२००, त्याहून मोठ्या एपीएस-सी सेन्सरला ६४००. त्याच मेनूत किमान शटर स्पीड (शटर निदान किती झटपट मिटावं ते) नावाची ओळ असते. बहुतेक जण ती कधी उघडतच नाहीत आणि हललेल्या फोटोंचं मूळ बहुधा तिथेच असतं. कॅमेऱ्याला मोकळं सोडलं तर तो आयएसओ कमी ठेवायच्या नादात शटर एक तिसांश सेकंदापर्यंत खाली नेतो. स्टॅबिलायझेशन हाताची थरथर सावरतं, समोरच्या माणसाची हालचाल नाही. बोलत बसलेल्या माणसाला १/१२५ तरी हवा, घरात बागडणाऱ्या पोराला १/२५०, पळणाऱ्याला १/५००. दाणेदार फोटो नंतर थोडाफार सुधारता येतो. हललेल्याला औषध नाही. डिजिटल झूम बंद करावा, कारण तो मधला तुकडा कापून मोठा करतो आणि ते काम नंतरही करता येतं. स्क्रीनवर नऊ चौकोनांची जाळी ठेवावी. क्षितिज तिरकं येणं निम्म्याने कमी होतं. इतकं झालं की खिशातून काढल्यावर हातात तीनच गोष्टी उरतात: कुठे उभं राहायचं, किती उजळ हवं, आणि कधी दाबायचं.

‘किती उजळ’ हा भाग जरा नीट बघण्यासारखा आहे. कॅमेऱ्याचा उजेडाचा अंदाज एका गृहीतकावर चालतो: समोर जे काही आहे त्याची सरासरी मध्यम करडी असते. बहुतेक वेळा ती असतेही. पण पांढऱ्या भिंतीसमोर पांढऱ्या शर्टातला माणूस उभा केला की कॅमेरा सगळंच करड्याकडे ओढतो, भिंत मळकी दिसते आणि चेहरा काळवंडतो. काळ्या घोंगडीवर बसलेलं काळं मांजर उलट धुरकट राखाडी होतं. त्यासाठी कॅमेऱ्यावर अधिक-उण्याचं बटण किंवा चकती असते. पांढऱ्यासाठी +१, काळ्यासाठी −१, खिडकीकडे पाठ केलेल्या माणसासाठी +१ किंवा थोडं जास्त, आणि ढगांनी भरलेल्या आभाळासाठी −२/३. शेवटचं महत्त्वाचं आहे. छोट्या सेन्सरवर उजेड एकदा उतू गेला की त्या जागी नुसता कोरा पांढरा डाग उरतो, तिथून काही परत आणता येत नाही. सावलीतलं मात्र थोडंफार वर खेचता येतं. स्क्रीनवर उतू गेलेली जागा काळी-पांढरी लुकलुकून दाखवणारा इशारा असेल तर तो चालू ठेवावा. उन्हात स्क्रीनवरच्या उजळपणावर विश्वास ठेवू नये. बाहेर सगळेच फोटो काळे वाटतात आणि घरी आल्यावर पांढरेफटक निघतात.

झूमचा एक हिशेब पाकिटावर लिहिलेला असतो, पण कुणी वाचत नाही. सोनीने २०१२ मध्ये आणलेल्या पहिल्या आरएक्स १०० च्या लेन्सभोवती १.८–४.९ असे आकडे कोरलेले आहेत. झूम न करता अ‍ॅपर्चर एफ १.८ पर्यंत उघडतं, पूर्ण झूमला जास्तीत जास्त एफ ४.९. म्हणजे सेन्सरवर पडणारा उजेड सातव्या-आठव्या भागावर येतो. संध्याकाळी घरात ज्या जागी बसून आयएसओ ४०० वर काम होत होतं, तिथेच बसून पूर्ण झूम केला की कॅमेरा ३२०० वर जातो आणि चेहऱ्यावर वाळू पसरल्यासारखी दिसते. उन्हात झूम हवा तेवढा करा. अंधारात चार पावलं चालावं.

सेन्सरच्या मापांची नावं हा या धंद्यातला सगळ्यात टिकून राहिलेला घोळ आहे. ‘एक इंची’ सेन्सर कुठेच एक इंच नसतो. तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा असतो, कर्ण जेमतेम १६ मिलिमीटर. हा इंच आला टीव्हीच्या जुन्या कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांवरून. नळीचा बाहेरचा व्यास मोजायचा आणि चित्र उमटायचं आतल्या बारक्या भागावर. नळ्या गेल्या, माप चिकटून राहिलं. स्वस्त कॉम्पॅक्टमधला ‘१/२.३ इंची’ सेन्सर ६.२ बाय ४.६ मिलिमीटरच्या आसपास. क्षेत्रफळ काढलं तर एक इंची त्याच्या चौपट आणि एपीएस-सी त्याच्या तेरापट. मेगापिक्सेलच्या आकड्यापेक्षा हा फरक संध्याकाळी सहा वाजता जास्त कळतो. आणि इथेच एक कडू गोष्ट मान्य करावी लागते: आजच्या महागड्या फोनमधला मुख्य सेन्सर त्या जुन्या १/२.३ इंचीपेक्षा मोठा असतो, शिवाय तो चार-आठ फ्रेम जोडून एक फोटो बनवतो. खिडकीसमोर बसलेला माणूस आणि खिडकीबाहेरचं आभाळ, दोन्ही एका फोटोत हवं असेल तर फोन जिंकतो. छोट्या कॅमेऱ्याला दोनपैकी एक निवडावं लागतं. मला ती निवड आवडते, पण म्हणून फोन हरला असं लिहिणं खोटेपणाचं होईल.

आणि तरीही फ्लॅश.

कॉम्पॅक्टच्या कोपऱ्यातली ती चिमुकली झेनॉन नळी जे करते ते फोनचा दिवा करू शकत नाही. फोनवरचा एलईडी काही काळ सतत पेटून राहतो, तो नुसताच उजेड. झेनॉनचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतो, म्हणून अंधाऱ्या खोलीत नाचणाऱ्याचे उडालेले केस हवेत थिजतात. मर्यादाही तितकीच स्पष्ट: तीन-चार मीटरच्या पुढे तो पोचत नाही. दुप्पट अंतरावर उजेड चौथाई होतो, त्यामुळे पुढचा माणूस पांढराफटक आणि मागची रांग अंधारात, हे होणारच. सगळ्यांना कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर उभं करणं हाच इलाज. मागचं सगळं काळंकुट्ट नको असेल तर मेनूत ‘स्लो सिंक’ निवडावं. शटर जास्त वेळ उघडं राहून खोलीतला उजेडही येतो, माणूस फ्लॅशने टिपला जातो आणि कडांना हालचालीची थोडी रेघ राहते. फ्लॅशचा सगळ्यात चांगला उपयोग मात्र भर दुपारी आहे. डोक्यावर सूर्य असताना डोळ्यांच्या खोबणीत पडलेली काळी सावली तो भरून काढतो. बहुतेक चांगल्या कॉम्पॅक्टमध्ये शटर लेन्सच्या आतच असतं, त्यामुळे १/१००० सारख्या वेगालाही फ्लॅश जुळतो. मोठ्या एसएलआरला साध्या फ्लॅशने हे जमत नाही. फोटोत तरंगणारे गोल पांढरे ठिपके दिसले तर घाबरायचं कारण नाही. फ्लॅश लेन्सला फार चिकटून असतो, म्हणून कॅमेऱ्यापुढच्या धुळीचे नाहीतर पावसाचे कण उजळून दिसतात, एवढंच.

आता खिसा. खिशातली धूळ, रुमालाची लव, नाण्यांची घासणी: कॅमेऱ्याचे खरे शत्रू इथेच राहतात. झूम होणारी लेन्स आतबाहेर होताना दरवेळी थोडी हवा आत ओढते आणि हवेबरोबर लवेचा तंतू. तो सेन्सरवर बसला की प्रत्येक फोटोत त्याच जागी करडा पुसट ठिपका येतो. उघड्या अ‍ॅपर्चरला दिसत नाही, म्हणून कित्येक महिने पत्ता लागत नाही. तपासायची पद्धत सोपी आहे: अ‍ॅपर्चर जास्तीत जास्त बारीक करायचं, एफ ८ किंवा एफ ११, निरभ्र आभाळाचा फोटो घ्यायचा, मग थोडं झूम करून दुसरा. ठिपका तिथेच राहिला तर धूळ सेन्सरवर आहे. लेन्स निघत नसल्यामुळे घरी हे साफ करता येत नाही, कॅमेरा खोलावा लागतो. मोकळा खिसा नको; मऊ कापडाची एक घट्ट पिशवी पुरते, आणि ती अधूनमधून उलटी करून झटकायची.

त्याहून वाईट म्हणजे पिशवीत आपोआप चालू झालेला कॅमेरा. बटण दाबलं जातं, लेन्सची नळी बाहेर यायला बघते, समोर किल्ल्या किंवा पुस्तक, मोटर अडते. पुढच्या वेळी चालू केल्यावर लेन्स अर्ध्यावर येते, किर्र आवाज करते आणि स्क्रीनवर ‘लेन्स एरर’. वाळूचा एक कण नळीच्या खाचेत गेला तरी हेच होतं. नळी बोटांनी ओढायचा मोह प्रत्येकाला होतो. ओढली की आतल्या प्लास्टिकच्या चाकांचे दाते तुटतात आणि मग उरतो तो कागदावर ठेवायचा वजनी ठोकळा. बॅटरी काढून दहा मिनिटं थांबावं, लेन्स जमिनीकडे धरून रबरी फुंकणीने नळीच्या कडेने हवा मारावी, पूर्ण चार्ज केलेली बॅटरी घालून पुन्हा चालू करावं. डब्यातल्या दाबाच्या हवेचा फवारा वापरू नये, त्यातला द्रव काचेवर बसतो. एवढ्याने नाही भागलं तर दुरुस्तीवाल्याकडे. थंडगार खोलीतून दमट हवेत जाताना काचेवर वाफ धरते, तेव्हा कॅमेरा बंद प्लास्टिकच्या पिशवीत अर्धा तास राहू द्यावा. वाफ पिशवीवर धरते, काचेवर नाही. आणि महिनोन्‌महिने कपाटात ठेवायचा असेल तर सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात, नाहीतर लेन्सच्या आत बुरशीचं जाळं धरतं. ते दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

बॅटरीचं गणित स्क्रीनशी जोडलेलं आहे. कॅसिओने १९९५ मध्ये क्यूव्ही-१० च्या पाठीवर छोटी स्क्रीन बसवली, चित्र होतं अवघं ३२० बाय २४० ठिपक्यांचं, आणि काढलेला फोटो तिथल्या तिथे बघायची चटक लोकांना लागली ती लागलीच. आजही छोट्या कॅमेऱ्याची बॅटरी फोटो काढण्यापेक्षा ते बघण्यात जास्त संपते. एका चार्जमध्ये दोनशे-तीनशे फोटो ही या आकाराची कुवत. फोटो काढल्यावर तो आपोआप दाखवणं बंद केलं आणि एक मिनिटात कॅमेरा झोपी जाईल असं ठेवलं की दिवस निघतो, तरी दुसरी बॅटरी जवळ असावीच. इतर कंपन्यांच्या बॅटऱ्या बहुधा ठीक चालतात, मात्र वर छापलेल्या एमएएचवर (क्षमतेच्या आकड्यावर) फार जाऊ नये. पोट फुगलेली बॅटरी कॅमेऱ्यात घालू नये. आत अडकली की निघत नाही. बरेच दिवस ठेवायची असेल तर अर्धी चार्ज करून, कॅमेऱ्याबाहेर. पण बॅटरी बाहेर ठेवली की आणखी एक गोष्ट होते. घड्याळ चालवणारा आतला बारका सेल काही दिवसांत उतरतो आणि कॅमेरा वर्षानुवर्षं मागे, कुठल्यातरी एक जानेवारीला जाऊन बसतो. घाईत ‘नंतर’ म्हणून तो प्रश्न टाळला की पुढचे सगळे फोटो चुकीच्या तारखेचे. फोन तारीख नेटवर्कवरून घेतो, कॅमेऱ्याला ती आपणच सांगावी लागते. दहा वर्षांनी फोटो लावायला बसल्यावर एकाच कार्यक्रमातले फोनचे फोटो एका वर्षात आणि कॅमेऱ्याचे दुसऱ्याच वर्षात पडलेले असतात. बॅटरी घातली की आधी घड्याळ बघायचं. ही सवय पैसे न मोजता मिळते.

कार्डाबाबत थोडक्यात. नवं कार्ड संगणकावर नाही, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावं. फोटो दोन ठिकाणी उतरवून झाल्याशिवाय कार्ड रिकामं करू नये. फायलींचे आकडे ९९९९ पर्यंत जातात आणि पुन्हा १ पासून सुरू होतात, त्यामुळे सगळं एकाच फोल्डरमध्ये ओतत गेलं की कधीतरी नवा ‘आयएमजी ०००१’ जुन्या ‘आयएमजी ०००१’च्या अंगावर येतो. संगणक ‘बदलू का?’ विचारतो, आणि आपण वाचल्याशिवाय ‘हो’ म्हणतो. महिन्यागणिक वेगळं फोल्डर केलं की प्रश्न मिटतो.

सध्या कपाटातले सीसीडी या जुन्या पद्धतीच्या सेन्सरचे कॅमेरे बाहेर निघताहेत, त्यांच्या रंगांचं फार कौतुक चाललं आहे. रंग आवडत असतील तर जरूर वापरावेत, पण श्रेय एकट्या सीसीडीला देऊ नये. रंग ठरतो तो सेन्सरवरच्या रंगीत गाळण्यांच्या जाळीने आणि त्या काळच्या कंपनीने आत भरलेल्या भडक जेपेगच्या हिशेबाने. त्यात कोपऱ्यातला थेट फ्लॅश मिसळला की झाला ‘तो’ जुना फोटो. सीसीडीची स्वतःची खास खूण वेगळीच आहे: सूर्य किंवा दिवा समोर आला की त्याच्यातून वरखाली जाणारी उभी प्रकाशाची रेघ. जुना कॅमेरा घेताना रंगांआधी कार्डाचं खोबण बघावं. २००६ च्या आधीचे बरेच कॅमेरे दोन जीबीपर्यंतचं साधं एसडी कार्डच ओळखतात. चार जीबीपासून पुढचं एसडीएचसी घातलं तर नुसतं ‘कार्ड एरर’. काहींना एक्सडी किंवा मेमरी स्टिक लागतं, ते शोधण्यातच उत्साह जिरतो. मग बॅटरी अजून कुठे मिळते का ते बघावं, लेन्स पाच-सहा वेळा आतबाहेर करून आवाज ऐकावा, आभाळाचा तो बारीक अ‍ॅपर्चरचा फोटो काढावा, आणि शटरचं बटण अर्ध्यावर अडतं का ते बोटाने पाहावं. झिजलेल्या बटणाला पहिला टप्पाच लागत नाही, ते थेट खाली जातं.

फोटो छापायचे असतील तर मात्र घेण्याआधीच एक गोष्ट ठरवून टाकावी. बहुतेक छोटे कॅमेरे ४:३ प्रमाणात फोटो घेतात आणि चार बाय सहा इंची छापील फोटो असतो ३:२ चा. छापताना आडव्या फोटोची उंची नऊ-दहा नाही, चांगली अकरा टक्के कापली जाते, वरून आणि खालून. उभ्या राहिलेल्यांच्या डोक्यावर बोटभरच जागा सोडली असेल तर मागच्या रांगेतल्या उंच मंडळींचे केस जातात आणि पुढे मांडी घालून बसलेल्यांचे गुडघे. आकार मोठा असण्याची इथे गरज नसते. चार बाय सहासाठी इंचाला तीनशे ठिपके धरले तरी अठराशे बाय बाराशे, म्हणजे दोन मेगापिक्सेलच्या थोडं वर, एवढंच लागतं, आणि वीस वर्षांपूर्वीचा कॅमेराही तेवढं देतो. एक तर मेनूत प्रमाण ३:२ करून ठेवावं म्हणजे स्क्रीनवर दिसतं तेच छापलं जातं, किंवा ४:३ वरच ठेवून फोटो घेताना अर्धं पाऊल मागे जावं आणि डोक्यावर दोन बोटं जास्त सोडावीत. मी ४:३ च्या बाजूचा आहे. उभ्या फोटोला ते प्रमाण जास्त शोभतं, आणि कापायचं तर कुठून कापायचं हे नंतर आपल्याला ठरवता येतं; छापायला देताना फक्त ‘आपोआप कापू नका, मी कापून देतो’ असं सांगावं लागतं.